धान्य गावात, खाणारा फडात

बीड जिल्ह्याचे नाव निघाले की अवर्षण, टँकर आणि चारा छावण्या यांचेच चित्र बहुतेकांच्या मनासमोर उभे राहते, आणि त्यामुळे येथील अन्नाच्या ददातीचे कारणही आभाळातच शोधण्याची आपल्याला सवय जडली आहे. पावसाने या मुलखाला वारंवार दगा दिला, हे निर्विवाद आहे. परंतु येथील सहस्रावधी कुटुंबांच्या पोटाची आबाळ होते ती केवळ दुष्काळी ज्येष्ठात नव्हे, तर कार्तिकापासून चैत्रापर्यंतच्या त्या महिन्यांत, जेव्हा महाराष्ट्राच्या सुपीक भागात उसाचे फड उभे असतात आणि कारखान्यांच्या गोदामांत साखरेच्या पोत्यांच्या थप्प्या छताला भिडत असतात.

उत्तरेस गोदावरी आणि मधून गेलेली बालाघाटाची डोंगररांग, अशा या अकरा तालुक्यांच्या जिल्ह्यात माजलगाव आणि मांजरा या धरणांचे पाणी ज्यांच्या शिवारापर्यंत पोहोचते, ते थोडे. आणि शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज यांसारख्या तालुक्यांतील हलक्या, मुरमाड जमिनीवर बाजरी, तूर अथवा कापूस पिकवून जे वर्षाची बेगमी करू शकत नाहीत, ते पुष्कळ. दसरा-दिवाळी उरकली की ही माणसे बैलगाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टर यांवर संसार लादून कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर आणि सरहद्दीपलीकडे बेळगाव, बागलकोट येथवर ऊसतोडीस जातात, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, तेथेच राहतात. मुकादमाने पावसाळ्यातच दिलेली उचल फेडण्यासाठी हा प्रवास असतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', अशी त्यांची गणना होते, आणि एखाद्या दिवशी कामावर न गेल्यास त्या दिवसाचा 'खाडा' हिशेबात चढतो.

आता या कुटुंबाच्या शिध्याचा प्रश्न पाहू. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली संमत झाला आणि महाराष्ट्रात २०१४ च्या फेब्रुवारीपासून अमलात आला. त्यान्वये प्राधान्य गटातील प्रत्येक माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते, आणि २०२३ च्या जानेवारीपासून तर त्याचे मूल्यही द्यावे लागत नाही. ही व्यवस्था मोठी आहे आणि तिची निंदा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु शिधापत्रिका आहे शिरूरच्या अथवा धारूरच्या एखाद्या मौजात, आणि जेवणारी माणसे आहेत दोन-तीनशे किलोमीटरवरच्या उसाच्या फडात. 'एक देश, एक शिधापत्रिका' या योजनेने हा दुरावा कायद्याच्या दृष्टीने मिटविला; यंत्रावर अंगठा उमटवून कोणत्याही गावच्या रास्त भाव दुकानातून, अगदी परराज्यातूनही, धान्य घेता येते, आणि घरातील काहींनी गावी तर काहींनी परगावी, असा शिधा वाटून घेण्याचीही मुभा आहे. तथापि जो मजूर पहाटे अंधारात फडात उतरतो आणि मोळ्या गाडीत भरून कारखान्याच्या काट्यावरून रात्री परततो, त्याने दुकानाच्या वेळा गाठायच्या कशा, त्या दुकानाच्या कोट्यात त्याच्यापुरते जादा धान्य आले आहे की नाही हे जाणायचे कसे, आणि खाडा सोसून चार-पाच मैलांची पायपीट करायची ती कोणत्या बळावर? मग तो तळाजवळच्या किराणा दुकानातून उधारीवर पीठ-मीठ आणतो, ती उधारी त्याच्या खात्यावर चढत जाते, आणि ज्याला सरकारने फुकट धान्य दिले आहे तोच माणूस ते विकत घेऊन खातो.

अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या ग्रंथात दुष्काळांची मीमांसा करताना हेच प्रतिपादन केले की, माणसे भुकेने मरतात ती बहुधा धान्य नसते म्हणून नव्हे, तर असलेल्या धान्यावर त्यांचा हक्क चालत नाही म्हणून. आपल्याकडे याची उलट बाजूची साक्ष १९७२ च्या दुष्काळाने दिली. मराठवाड्यातील जुन्या पिढीला त्या काळची सुकडी आणि खडी फोडण्याची कामे अद्याप आठवतात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती, आणि पीक बुडूनही बंगालच्या दुष्काळासारखी प्राणहानी झाली नाही, याचे श्रेय मुख्यतः त्या कामांच्या मजुरीला आहे, कारण हातात पैसा येताच धान्य माणसांपर्यंत आपली वाट काढत आले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना पुढे १९७७ च्या कायद्याने आणि २६ जानेवारी १९७९ पासूनच्या अंमलबजावणीने स्थिर झाली. त्या पिढीने आपल्यापुढे ठेवलेला प्रश्न धान्य पिकविण्याचा नव्हता, ते माणसापर्यंत नेण्याचा होता. आणि तो प्रश्न आज फडातल्या कोपीपर्यंत, म्हणजे तोडकऱ्याच्या झोपडीपर्यंत, येऊन थांबला आहे.

येथे पहिले उत्तरदायित्व कारखान्यांचे आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद सांगितली होती, आणि ठरावीक संख्येने स्त्रिया कामास असतील तेथे पाळणाघराचीही. साखर कारखान्याच्या आवारात, बॉयलरवर अथवा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यास अशा तरतुदींचा लाभ होतो. परंतु ज्याच्या कोयत्यावाचून त्या बॉयलरला पेटण्याचे कारणच उरणार नाही, तो तोडकरी कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो, तो मुकादमाचा आणि वाहतूक ठेकेदाराचा माणूस समजला जातो. दप्तरातील या एका रेषेमुळे कुंपणाच्या आत चहा-जेवणाचा बंदोबस्त आणि कुंपणाबाहेर तीन दगडांची चूल, असा भेद उत्पन्न झाला आहे. त्या चुलीपाशी स्त्री पहाटे तीनच्या सुमारास उठून दिवसभराच्या भाकरी थापते, आणि मग पुरुषाच्या बरोबरीने मोळ्या वाहते. भाजी, डाळ, दूध यांना त्या वेळापत्रकात अवसर नाही, म्हणून ठेचा अथवा पिठले यांवर भागते. तिच्या कुशीतल्या मुलाचा अंगणवाडीचा आहार गावच्या नोंदवहीत राहिलेला असतो.

हे बदलणे कारखान्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही, याचा पुरावा २०२० च्या टाळेबंदीने दिला. मार्च-एप्रिलमध्ये ऊसतोड मजूर ठिकठिकाणच्या कारखान्यांवर अडकून पडले, तेव्हा त्यांच्या निवाऱ्याची आणि अन्नाची व्यवस्था कारखान्यांनी करावी, असे फर्मान सरकारने काढले; १७ एप्रिलला त्यांना घरी परतण्याची अनुज्ञा मिळाली, आणि तोवर सव्वा लाखाहून अधिक माणसांची गणती, तळवार याद्या आणि शिध्याची वाटणी हे सारे काही आठवड्यांत जमविले गेले. जे संकटाच्या महिन्यात साधले, ते हंगामाच्या सहा महिन्यांत का साधू नये? कारखान्याच्या शेतकी खात्याला कोणती टोळी कोणत्या गटात तोडीला आहे हे रोजच्या रोज ठाऊक असते. त्या माहितीच्या आधारे तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेशी मेळ घालून, पंधरवड्यातून एकदा रास्त भाव दुकानाचे यंत्र आणि धान्याची गाडी थेट तळावर नेली, तर मजुराचा खाडाही पडणार नाही आणि त्याचा हक्काचा शिधाही बुडणार नाही. पहिल्या महायुद्धाच्या महागाईत मुंबईच्या कापड गिरण्यांनी आपल्या कामगारांसाठी स्वस्त धान्याची दुकाने काढली होती. त्यांनाही ते परोपकारापेक्षा कामगार टिकावा याचसाठी करावे लागले, पण केले हे खरे.

पैशाचा प्रश्न निघेलच. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसामागे प्रतिटन १० रुपये द्यावेत आणि तितकीच रक्कम शासनाने घालावी, असे ठरले आहे. या निधीतला निश्चित वाटा तळावरील सामूहिक स्वयंपाकघरांना मिळावा, अशी मागणी करणे अवाजवी होणार नाही. त्याखेरीज खाजगी कारखान्यांना, आणि ही साखर विकत घेऊन शीतपेये, बिस्किटे, मिठाई बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांना, २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम लागू पडते. विहित मर्यादेवरील कंपनीने आपल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा किमान २ टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावा, असे ते कलम सांगते, आणि त्यासाठी नेमून दिलेल्या विषयांच्या सूचीत भूक, दारिद्र्य आणि कुपोषण यांचे निर्मूलन हा विषय अगदी आरंभीच आहे. ज्या वस्तूवर आपला व्यापार उभा आहे, तिचा पहिला घाव घालणाऱ्या हातांना सकाळी गरम अन्न मिळते की नाही, याची चौकशी या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडे करारातच लावून धरली पाहिजे. अर्थात स्वयंपाकघर मजुरीची जागा घेऊ शकत नाही. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो प्रतिटन ३६६ रुपये झाला, हे उचितच झाले. पोटाचा सर्वांत खात्रीचा बंदोबस्त वाजवी मोबदल्यानेच होतो, आणि उचलीचा हिशेब मजुराच्या हाती लेखी पडू लागला तर अधिकच.

फडाची कथा ही अशी. मागे उरलेल्या गावाची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. तरणी माणसे गेली की वस्तीवर उरतात ती म्हातारी आणि शाळकरी मुले. मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे: मूल गावातच, आजी-आजोबांपाशी किंवा नातलगांकडे राहावे आणि त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय शाळेत व्हावी, म्हणजे त्याला कोयत्यामागे हिंडावे लागू नये. जेथे ती वेळेवर सुरू होते तेथे तिचा गुण स्पष्ट दिसतो. जेथे दिवाळीनंतर महिना-दीड महिना लोटल्यावर तिचा प्रारंभ होतो, तेथे मुले आधीच आईबापांबरोबर निघून गेलेली असतात. वृद्धांसाठी तर अशी सोयही नाही. श्रावणबाळ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये खात्यावर येतात, धान्यही मिळते. पण दळण आणण्यास पाय चालत नाहीत, सरपण गोळा होत नाही, झिजलेला अंगठा यंत्रास ओळखू येत नाही, आणि एकट्या जिवासाठी चूल पेटविण्याचा उत्साह उरत नाही. घरात गहू-तांदूळ असून माणूस चहा-पावावर दिवस काढतो, याला शासकीय तक्त्यांत उपासमार म्हणत नाहीत.

याच ठिकाणी मला या मुलखाच्या एका जुन्या शक्तीचे स्मरण द्यावेसे वाटते. बालाघाटाच्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा घरोघरच्या चुलींवर भाकरी थापल्या जातात, त्या मंडपात आणून राशीने रचतात, मोठ्या कढयांतून आमटी शिजते, आणि हजारोंच्या पंगती उठतात. कोण कोणत्या जातीचा, कोण कोणाकडचा, हे पंगतीत विचारले जात नाही, आणि कोणाच्या घरून किती भाकरी याव्यात याची योजना गावकरी कोणत्याही कचेरीच्या मदतीवाचून बिनचूक करतात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेला खुली केली, ही कथा या प्रदेशाने शतकानुशतके कीर्तनांतून जपली आहे, ती उगीच नव्हे. अशा गावाला हिवाळ्याच्या महिन्यांत वीस-पंचवीस वृद्धांच्या एकवेळच्या जेवणाची तजवीज करणे अवघड का व्हावे? शाळेत पोषण आहाराची स्वयंपाकखोली आहे, गावात बचत गट आहेत. वृद्धांनी आपल्या शिध्यातील थोडे धान्य द्यावे, गावाने डाळ-तेल पुरवावे, आणि शिजविणाऱ्या बाईला रोख मोबदला मिळावा. हा मोबदल्याचा मुद्दा मी आग्रहाने मांडतो, कारण बायकांच्या विनामूल्य श्रमांवर उभारलेले पुण्यकार्य फार दिवस टिकत नाही. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या प्रेरणेने हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, ती ना नफा ना तोटा या तत्त्वावर अर्धशतक चालली याचे कारणच हे की, तेथे जेवणारा याचक नव्हता आणि रांधणारी वेठबिगार नव्हती.

मोंढ्यातील व्यापाऱ्यांचा वाटा येथे सहज बसतो. जुन्या काळी बाजारात सौद्यामागे धर्मादायाची कट्टी निघे; शेतकऱ्याच्या पट्टीतून अशी कपात करणे पुढे बंद झाले, ते योग्यच झाले, परंतु आपल्या अडतीतून त्याच कामासाठी काही बाजूस काढण्यास आजही कोणी मनाई केलेली नाही. बीड, माजलगाव, परळी, अंबाजोगाई येथील आडत्यांनी रब्बीच्या सुगीत स्थानिक शाळू खरेदी करून गावोगावच्या स्वयंपाकघरांना दिला, तर गहू-तांदळाच्या शिध्याला भाकरीची जोड मिळेल आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या ज्वारीला गिऱ्हाईकही. शहरांतील मंगल कार्यालयांत उरणाऱ्या अन्नाची गोष्ट निराळी: ते काही तासांत पोहोचले तरच अन्न, एरवी विष, त्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली नियमही केले आहेत, आणि शेजारच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१५ च्या अखेरीस निघालेल्या रोटी बँकेने घरोघरच्या ताज्या पोळ्यांवर भर दिला, तो मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो.

शासनाच्या एका निर्णयाचा येथे उल्लेख केला पाहिजे. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील, त्यांत बीडही आले, केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून सवलतीचे धान्य मिळत असे. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये रोख देण्याचे ठरले आणि पुढे ती रक्कम १७० झाली. पाच किलो धान्य बाजारभावाने घेण्यास ही रक्कम अपुरी आहे, आणि ज्या घरातून निम्मी माणसे परजिल्ह्यात आहेत तेथे तर तिचा ताटाशी संबंधच तुटतो. गावाने आपले कोठार स्वतः राखण्याची निकड त्यामुळे वाढली आहे.

हे सारे जुळवून आणण्याचा काळ मात्र थोडा आहे. मुकादम उचल वाटतो ते पावसाळ्यात, आणि नेमक्या त्याच दिवसांत, १५ ऑगस्टला, ग्रामसभा भरते. कोणते कुटुंब कोणत्या कारखान्यावर जाणार, बरोबर किती लहान मुले जाणार, मागे कोण म्हातारे राहणार, कोणाची शिधापत्रिका कोणत्या वर्गातील, ही यादी त्या सभेत झाली, तर तिची एक प्रत तहसीलच्या पुरवठा शाखेला, एक कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला आणि एक अंगणवाडीताईंना देता येईल. म्हणजे गळिताच्या पहिल्या आठवड्यात धान्याची गाडी कोणत्या तळावर न्यायची, आणि वसतिगृहाची चूल कोणत्या शाळेत दिवाळीपूर्वीच मांडायची, हे आधीच ठरलेले असेल.