बैलाच्या हृदयाची साक्ष

परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलं, की व्हिसाच्या आधी सुईशी गाठ पडते. शाळेत शिकवायला जा, शेतीच्या कामाला जा, नाहीतर दवाखान्यात मदतीला जा. पाठवणारी संस्था आधी वैद्यकीय तपासणीचे कागद पुढे करते. अशा संस्थांतली सगळ्यांत नावाजलेली म्हणजे अमेरिकेची पीस कोअर. जॉन केनेडींनी 1 मार्च 1961 रोजी ती सुरू केली. जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर 1966 मध्ये, वयाच्या 68व्या वर्षी, याच संस्थेतर्फे आपल्या विक्रोळीत आल्या आणि गोदरेजच्या वसाहतीत परिचारिका म्हणून राबल्या. आज पीस कोअरमध्ये जाणारा माणूस साधारण 27 महिने घरापासून लांब राहतो. त्याआधी त्याला जी वैद्यकीय चाळणी पार करावी लागते, तिच्यात एचआयव्हीची चाचणी असतेच.

संस्था बदलली, देश बदलला, की यादी थोडी बदलते: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, कुठे क्लॅमिडिया आणि गनोरिया. आपल्यालाही ही नावं अगदीच परकी नाहीत. नोकरीसाठी गल्फला निघालेला रत्नागिरीचा माणूस ‘मेडिकल’ करतो तेव्हा यातली बरीच त्यात असतात. गरोदर बाईच्या पहिल्या रिपोर्टातही एक ओळ असते: ‘व्हीडीआरएल : नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’. बहुतेक जण ‘नॉर्मल आहे ना?’ एवढं विचारून कागद फाइलीत ठेवतात. विषय लैंगिक आजारांचा म्हटल्यावर जास्त खोदून कोण विचारणार?

विचारायला हवं, कारण त्या एका ओळीमागे एक अफाट गोष्ट आहे. व्हीडीआरएल ही सिफिलिसची चाचणी. पण तिच्यात सिफिलिसचा जंतू कुणी शोधतच नाही. तिथे तुमच्या रक्तासमोर ठेवली जाते बैलाच्या हृदयातली चरबी.

आधी चाचणी कशी होते ते पाहू. रक्त गोठू देतात आणि वरचा पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, वेगळा काढतात. तो 56 अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवतात. काचपट्टीवरच्या गोल खाचेत त्याचा एक थेंब आणि त्यावर चाचणीच्या द्रावणाचा त्याहून लहान थेंब. मग काचपट्टी एका फिरत्या यंत्रावर मिनिटाला 180 फेऱ्यांच्या वेगाने चार मिनिटं फिरते. त्यानंतर तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून शंभरपट मोठं करून बघतो. द्रावणातले बारीक कण एकसारखे पसरलेले असले तर ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’. दूध नासल्यावर धरतात तशा गुठळ्या धरलेल्या दिसल्या, तर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’.

त्या द्रावणात असतं काय? कोलेस्टेरॉल, लेसिथिन आणि अगदी थोडं, 0.03 टक्के, कार्डिओलिपिन. खरं काम होतं ते या शेवटच्या पदार्थामुळे. तो इथवर कसा पोचला ही कथा बर्लिनमध्ये सुरू होते. 1905 मध्ये शाउडिन आणि हॉफमन या दोघांना सिफिलिसचा जंतू सापडला. मळसूत्रासारखा पिळदार, आणि इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो जवळपास अदृश्यच. पुढच्याच वर्षी ऑगस्ट फॉन वासरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तचाचणी तयार केली. तर्क सरळ होता. जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, तेव्हा जंतूंनी भरलेला अवयव घ्यावा. म्हणून त्यांनी सिफिलिसने दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरला. चाचणी चालली.

लवकरच एक गंमत उघड झाली. निरोगी अवयवाचा अर्क घेतला तरी चाचणी चालत होती. हे दाखवणाऱ्यांत रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनरही होते. म्हणजे जिच्यावर ही चाचणी उभी होती ती समजूतच चुकीची होती, आणि उत्तरं मात्र बरोबर येत होती. अर्कात नेमकं काय आहे हे कळायला 1941 उजाडावं लागलं. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करणाऱ्या मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला. हृदयातून निघाला म्हणून त्याचं नाव कार्डिओलिपिन. त्याच्या आधारे 1946 मध्ये अमेरिकी सरकारच्या व्हेनेरिअल डिसीज रिसर्च लॅबोरेटरीने आजची चाचणी बसवली. प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरं जगभरच्या रिपोर्टांवर चिकटली ती तेव्हापासून.

पण हृदयातल्या चरबीचा सिफिलिसशी संबंध काय? कार्डिओलिपिन पेशीत एका ठरावीक जागी सापडतं: मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात. ऊर्जा तयार करणारे हे कण हृदयाच्या स्नायूत ठासून भरलेले असतात, कारण हृदयाला सुट्टी नाही. हेच कार्डिओलिपिन जीवाणूंच्या पडद्यातही असतं. हा योगायोग नव्हे. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीत शिरलेला जीवाणू तिथेच नांदला, आणि त्याचे वंशज म्हणजे आपले मायटोकॉन्ड्रिया. लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये हा विचार जोरकसपणे मांडला, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. आज तो पाठ्यपुस्तकात आहे. सिफिलिसचा जंतू शरीरात धुमाकूळ घालतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या पडद्यातलं कार्डिओलिपिन समोर येतं, आणि त्याने फोडलेल्या आपल्या पेशींतलंही बाहेर पडतं. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. काचपट्टीवर गुठळ्या धरतात त्या या प्रतिपिंडांमुळे. बैलाचं हृदय इथे साक्षीला येतं, कारण बैल, माणूस आणि जंतू यांच्यात एक फार जुनं नातं शिल्लक आहे.

ही साक्ष अप्रत्यक्ष आहे, म्हणून ती कधी फसवते. मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस, कधी नुसतं गरोदरपण, यांतही अशी प्रतिपिंडं उमटू शकतात. सिफिलिस नसताना व्हीडीआरएल पॉझिटिव्ह येणाऱ्या काही जणांच्या रक्तात गुठळ्या होतात, काही बायकांचे गर्भ पुन्हा पुन्हा पडतात, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्या धाग्यावरूनच 1983 मध्ये लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज यांनी एका वेगळ्याच आजाराचं वर्णन केलं, तो अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. उलटी फसगतही होते. प्रतिपिंडं फारच जास्त असली, की प्रत्येक कणाला ती सगळीकडून वेढतात, दोन कणांना जोडायला जागाच उरत नाही आणि गुठळी धरत नाही. आजार ऐन भरात आणि रिपोर्ट कोरा! तेच सीरम मिठाच्या पाण्याने (सलाइनने) पातळ केलं की गुठळ्या दिसू लागतात.

म्हणून व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह आली की टीपीएचए ही दुसरी चाचणी करतात. तिच्यात खुद्द जंतूचेच अंश वापरतात. हा जंतू काचेच्या बशीत वाढायला तयार नसल्यामुळे शतकभर तो सशांच्या शरीरात जगवावा लागला. प्रयोगशाळेतल्या पेशींवर त्याला दीर्घकाळ वाढवणं ह्यूस्टनच्या संशोधकांना जमलं ते थेट 2018 मध्ये. या दोन चाचण्यांचा स्वभाव वेगळा आहे. सीरम कितीपट पातळ करूनही गुठळ्या धरतात, तो व्हीडीआरएलचा आकडा. समजा तो 1:32 असेल, तर उपचारानंतर हळूहळू उतरत जातो. टीपीएचए मात्र बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. पूर्ण बरा झालेला माणूसही त्या कागदावर आजारी दिसू शकतो. परदेशी जाणाऱ्याच्या हातात असा रिपोर्ट पडला, तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचणारा डॉक्टर गाठावा.

औषधाची कहाणीही याच जंतूच्या स्वभावातून आली आहे. आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. सिफिलिसच्या जंतूला त्यासाठी तीसेक तास लागतात. पेनिसिलीन विभागणाऱ्या जंतूलाच मारतं. तेव्हा इतक्या संथ शत्रूसाठी औषधही रेंगाळणारं हवं. बेंझाथीन पेनिसिलीनचं 24 लाख युनिटचं इंजेक्शन स्नायूत साठून राहतं आणि दोन-तीन आठवडे थेंबाथेंबाने रक्तात उतरतं. सुरुवातीच्या सिफिलिसला एवढं एकदाच पुरतं. 1943 मध्ये पेनिसिलीन या आजारावर पहिल्यांदा वापरलं गेलं, आणि इतक्या वर्षांत हा जंतू त्याला दाद न देण्याची विद्या शिकलेला नाही.

आता मूळ प्रश्न: धडधाकट माणसाला हे सगळं कशाला? कारण या आजारांत बहुतेकांना काहीच जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये 15 ते 49 वयोगटात क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस आणि ट्रिकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या आजारांचे 37 कोटी 40 लाख नवे संसर्ग झाले. ज्या खेड्यात स्वयंसेवक जातो तिथे प्रयोगशाळा नसते, इंजेक्शनही मिळेलच असं नाही. घरी असतानाच कळलं तर उपचार आटोपून निघता येतं.

पण शरीराला उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि कागदाची ताकद तिथेच संपते. सिफिलिसचा व्रण उठल्यावर व्हीडीआरएल बदलायला 1 ते 4 आठवडे जातात. एचआयव्हीची चौथ्या पिढीची चाचणी प्रतिपिंडांबरोबर विषाणूचं पी-24 हे प्रथिनही टिपते, तरी प्रयोगशाळेत तिला लागणीनंतर 18 ते 45 दिवस लागतात. काल झालेली लागण आजच्या रिपोर्टात नसते. म्हणून ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ हे काही आठवड्यांपूर्वीपर्यंतचं उत्तर असतं. पुढच्या 27 महिन्यांची हमी त्यात नसते, आणि माणसाच्या चारित्र्याचा दाखला तर मुळीच नसतो.

या मर्यादेची जाण कायद्यालाही हळूहळू येते आहे. 2008 मध्ये युक्रेनमध्ये काम करणाऱ्या एका पीस कोअर स्वयंसेवकाला एचआयव्ही निघाला म्हणून घरी धाडलं गेलं. नागरी हक्कांच्या संघटनेने आवाज उठवल्यावर, केवळ एचआयव्ही आहे एवढ्यावरून सेवा थांबवणार नाही, असं संस्थेला मान्य करावं लागलं. भारतात 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. नोकरीची अट म्हणून एचआयव्ही चाचणी लादायला तो मनाई करतो.

सक्ती असते ती निघताना. विज्ञानाच्या हिशोबाने मात्र, तिकडे काही जोखीम झाली असेल तर परतल्यावर दीड-दोन महिन्यांनी केलेली चाचणी जास्त मोलाची. तिच्यासाठी कुणी अर्ज पुढे करत नाही. ती आपणहून करावी लागते. आपल्याकडे सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते, आधी समुपदेशक बोलतो आणि निकाल गुप्त राहतो.