सायनसमधली सिस्ट आणि दुर्बिणीची वाट

गालाच्या हाडातली मॅक्सिलरी सायनस ही हवेची पोकळी आहे. तिच्या अस्तरातल्या एखाद्या ग्रंथीचे तोंड बंद झाले की द्रव साचून सिस्ट तयार होते. स्कॅनमध्ये ती दिसली की रुग्ण धास्तावतो. पण त्रास नसेल तर अशा सिस्टला बहुधा हात लावावा लागत नाही, आणि हे त्याला स्पष्ट सांगायलाच हवे. म्युकोसीलचे मात्र तसे नाही. त्यात निचऱ्याचे तोंडच बंद होऊन पूर्ण सायनस शेंबडाने भरते. कपाळातला म्युकोसील हाड पातळ करत डोळ्याला पुढे ढकलतो. किडलेल्या दाढेच्या मुळाशी सिस्ट झाली असेल, तर दाढेवरही उपचार लागतात.

१८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल यांनी आणि १८९७ मध्ये पॅरिसच्या ल्यूक यांनी मांडलेल्या सायनसच्या शस्त्रक्रियेच्या पद्धतीत वरच्या ओठाखाली छेद देऊन गालाचे हाड फोडत, अस्तर खरवडत आणि नाकात खालच्या बाजूला नवे भोक पाडत. गाल सुजे, कधी बधिरही होई. ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथील मेसरक्लिंगर यांनी दाखवले, की अस्तरावरचे सूक्ष्म केस शेंबूड गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर, मूळ तोंडाकडेच नेतात. खाली पाडलेल्या भोकाकडे तो वळत नाही. आजची सारी शस्त्रक्रिया या शोधावर उभी आहे. हॉपकिन्स यांच्या काचकांड्यांच्या भिंगरचनेने दुर्बिणीतून नाकात स्वच्छ दिसू लागले.

आधी सीटी स्कॅन होतो. भूल दिल्यावर ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत जाते. कोयत्यासारखे वाकलेले एक पातळ हाड काढले की मागे सायनसचे तोंड दिसते. ते रुंद करून, ७० अंशांत तिरके पाहणाऱ्या दुर्बिणीच्या आधाराने वाकड्या चिमट्याने सिस्ट ओढली जाते. ती फुटून पिवळसर पाणी येते. म्युकोसीलला मोठे तोंड करून दिले की पुरते. डोळ्याच्या खोबणीची भिंत कागदासारखी पातळ आणि वर मेंदू, म्हणून इथे सराव महत्त्वाचा.

हुबळीच्या कमरीपेठेतल्या रुग्णाला ही सोय शहरातच मिळते. विद्यानगरात, पूर्वी किम्स म्हणून ओळखले जाणारे, १९५७ मध्ये सुरू झालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२१ मध्ये काळ्या बुरशीचे उत्तर कर्नाटकातले कितीतरी रुग्ण तिथेच आले. त्या आजारातही बुरशीने सडलेला भाग पुष्कळदा याच वाटेने काढतात.

ऑपरेशननंतर काही आठवडे मिठाच्या पाण्याने नाक धुवायचे आणि जोरात शिंकरायचे नाही. खपल्या डॉक्टरांकडूनच काढून घ्यायच्या, नाहीतर जखमेच्या कडा एकमेकींना चिकटून रुंद केलेले तोंड पुन्हा बुजते.