गवत गोळा करायचं दाताळं कसं निवडावं?



आपल्या कोयनानगर भागात एका पावसाळ्यात ४ ते ५ हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेव्हा हिरव्या चाऱ्याला तोटा नसतो. चाऱ्याची चणचण लागते ती फेब्रुवारीपासून पुढं. म्हणून दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत डोंगरातलं गवत कापायचं, वाळवायचं आणि गंजी घालायची, हे काम आपल्या घराघरांत चालतं. कापणीला पुरुष असतात, पण उलथापालथ, ओढणं, भारे बांधणं यात वाकलेली पाठ बहुतेक वेळा बाईचीच असते. तरी घरात विळा घेताना धार पाहतात आणि दाताळं मात्र मिळेल ते आणतात. आज आपण त्याबद्दल बोलू.

आधी एक हिशेब करू. एका दुभत्या जनावराला रोज ६ किलो वाळली वैरण धरली, तर उन्हाळ्याच्या १२० दिवसांना ७२० किलो लागते. ओढताना त्यातला दहावा हिस्सा मागं राहिला किंवा मातीत मिसळला, तर ७२ किलो गेली. म्हणजे १२ दिवसांची वैरण. तेवढी विकत घ्यायची तर दुधाच्या पैशातूनच जाणार.

दाताळं घेताना पहिला प्रश्न हा की ते ओढणार कशावर? बागेत माती सारखी करायचं लोखंडी दाताळं गवताला चालत नाही. त्याचे दात जवळजवळ आणि टोकदार असतात. ते जमिनीत रुततं, खडे आणि माती वर काढतं. तीच माती जनावराच्या तोंडात जाते. गवताच्या दाताळ्याचे दात विरळ हवेत, दोन दातांमध्ये दोन-तीन बोटं बसतील एवढे. टोकं बोथट हवीत. दात वीतभराच्या निम्मे लांब असले तरी पुरतात. फार लांब असले की गवत त्यांत अडकून बसतं. मळणीनंतर भाताचा पेंढा झाडून दाण्यापासून वेगळा करायचा असेल, तर दात याहूनही विरळ ठेवावेत, म्हणजे दाणा खाली राहतो.

दुसरी गोष्ट वजनाची. आपण दिवसातून शेकडो वेळा ते उचलतो आणि ओढतो. म्हणून आडवी पट्टी लाकडाची आणि दांडा वाळलेल्या भरीव बांबूचा असलेला बरा. लाकडी दात तुटला तर गावचा सुतार नवा बसवून देतो. लोखंडी हवंच असेल तर पातळ पट्टीचं हलकं पाहावं. पट्टी किती रुंद? सपाट खाचरात दोन-सव्वादोन फूट चालते. उताराच्या पड्यालात आणि दगडांच्या मधून दीड फुटाची बरी.

तिसरी गोष्ट दांड्याची. दुकानात दाताळं हातात घेऊन उभ्या राहा. दांडा आपल्या हनुवटीपर्यंत यायला हवा. छातीच्या खाली राहिला की कमरेतून वाकावं लागतं आणि चार दिवसांत पाठ धरते. दांडा मुठीत धरला की अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना भिडलं पाहिजे. जाड दांड्यानं हात लवकर दुखतो. सासूबाई आणि सून यांच्या उंचीत फरक असेल तर दोन दांडे करून घ्यावेत. खर्च फार नाही.

लांब दांड्याचा आणखी एक फायदा आहे. कापून पडलेल्या गवताखाली फुरसं, घोणस बसलेली असते. आधी दाताळ्यानं गवत हलवा, मग हात घाला. पायात बूट असू द्या. काम थांबवलं की दाताळं दात जमिनीकडं करून ठेवा. वर दात ठेवलेल्या दाताळ्यावर पाय पडला तर दात पायात घुसतात आणि दांडा तोंडावर येतो.

आता यंत्राविषयी. ट्रॅक्टरमागं जोडायची दाताळी मिळतात. त्यांत चाकाला बोटांसारखे तारेचे दात असलेली असतात, तशीच गोल फिरणारीही असतात. सपाट मुलखात पेंढा किंवा उसाचं पाचट ओळीत ओढून गाठी बांधायला ती उपयोगी पडतात. आपल्याकडं पायऱ्यांची छोटी खाचरं. तिथं ट्रॅक्टर वळतच नाही. नदीकाठाला सलग सपाट रान असेल तरच विचार करावा, आणि तेव्हाही एकटीनं विकत घेण्यापेक्षा गटानं घ्यावं किंवा भाड्यानं आणावं. दात जमिनीला घासणार नाहीत, नुसते स्पर्श करतील असे लावायला सांगा. ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्याजवळ पदर, ओढणी, मोकळे केस घेऊन कुणी जाऊ नये.

अवजारांच्या सरकारी अनुदानात महिला शेतकऱ्यांना जादा सवलत असते. पण त्यासाठी सातबाऱ्यावर आपलं नाव लागतं. ते आहे का, हे एकदा तलाठ्याकडं जाऊन पाहून घ्या. सध्याच्या अटी कृषी सहायक सांगतील.

चांगलं दाताळं असलं तरी वेळ चुकली तर उपयोग नाही. कुसळ पक्व व्हायच्या आधी गवत कापा, नाहीतर ते जनावराच्या तोंडात टोचतं. कापल्यावर पातळ पसरा. दव उडालं की उलटा. संध्याकाळी ओळीत ओढून ठेवा, म्हणजे रात्रीचं दव कमी भागावर बसतं. भुईमुगाच्या वेलाचं मात्र वेगळं. तो सकाळी थोडा ओलसर असतानाच ओढावा, कारण कडक उन्हात पानं गळतात आणि खरा कस पानांतच असतो.

१०० किलो हिरव्या गवताचं वाळून साधारण ३० किलो होतं. पुरतं वाळलं का, हे पाहायला कोरड्या बरणीत मूठभर गवताचे तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ सुटं राहिलं तर गंजी घाला. गोळे झाले तर आणखी एक ऊन द्या. ओलं गवत रचलं की गंजी आतून तापते, बुरशी धरते, आणि बुरशीची वैरण गाभण जनावराला तर घालूच नये.

तेव्हा मैत्रिणींनो, लक्षात ठेवा: दात विरळ आणि बोथट, वजन हलकं, दांडा हनुवटीएवढा. यंदा बाजाराला जाल तेव्हा दाताळं घ्यायला कुणाला पाठवू नका. स्वतः जा, हातात धरून चार वेळा ओढून पाहा, मगच पैसे द्या.