गर्भनिरोधाची अपूर्ण गरज

मूल नको असताना, किंवा निदान पुढील दोन वर्षे नको असताना, जननक्षम विवाहित दांपत्याने कोणत्याही संततिनियमन-पद्धतीचा अवलंब न करण्याची स्थिती. नको असलेली वा अवेळी गर्भधारणा झालेल्या स्त्रियांचीही तीत गणना होते. चार्ल्स वेस्टॉफ यांच्या पाच आशियाई देशांविषयीच्या १९७८ मधील अभ्यासामुळे लोकसंख्याशास्त्रात ही संज्ञा रूढ झाली.

दोन अपत्यांत अंतर राखण्याची आणि अपत्यसंख्या मर्यादित करण्याची, असे या गरजेचे दोन प्रकार आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात अशा स्त्रियांचे प्रमाण २०१५–१६ मध्ये १२·९ टक्के, तर २०१९–२१ मध्ये ९·४ टक्के होते. पंचविशीच्या आतील स्त्रियांत ते सर्वाधिक असून त्यांची गरज मुख्यतः अंतर राखण्याची असते.

साधनांचा तुटवडा हे या स्थितीचे एकमेव कारण नव्हे. अनेक विकसनशील देशांतील पाहण्यांत साधन मिळत नाही वा परवडत नाही, असे सांगणाऱ्या स्त्रिया तुलनेने थोड्याच आढळल्या. दुष्परिणामांची भीती हे कारण अधिक वेळा दिले जाते. तांबी किंवा इंजेक्शनामुळे मासिक पाळीत होणारे बदल घरकाम, देवधर्म व शिवाशिवीचे निर्बंध यांमुळे स्त्रीला विशेष जाचक ठरतात. अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत, हा समज मर्यादित काळापुरताच खरा असतो. पती कामासाठी परगावी असल्यास साधन अनावश्यक वाटते; तो अचानक परतल्यावर ते हाताशी नसते. पती व सासू यांचा विरोध, मुलगा होईपर्यंत थांबण्याचा आग्रह आणि नवविवाहितेवर लवकर अपत्यप्राप्तीसाठी येणारे दडपण हीही महत्त्वाची कारणे होत.

भारतीय कार्यक्रमाचा भर दीर्घकाळ शस्त्रक्रियेवर राहिला. आणीबाणीतील (१९७५–७७) सक्तीनंतर पुरुष-नसबंदी मागे पडली आणि भार स्त्रियांवर आला. २०१९–२१ मध्ये ३७·९ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुष-नसबंदीचे प्रमाण केवळ ०·३ टक्के होते. कायमची शस्त्रक्रिया ही अंतर राखू इच्छिणाऱ्या तरुणीची गरज भागवू शकत नाही.

या मापनालाही मर्यादा आहेत. पारंपरिक उपायांवर विसंबणारी किंवा पर्यायाअभावी शस्त्रक्रिया पत्करलेली स्त्री, गरज पूर्ण झालेल्यांतच मोडते. त्यामुळे प्रमाण घटले, तरी तेवढ्यावरून स्त्रीला निवडीचे स्वातंत्र्य लाभले असे मानता येत नाही.