छोट्या विमानाचा कार्ब्युरेटर आणि कोकणची हवा

पेट्रोलवर उडणाऱ्या छोट्या विमानास पुष्कळ लोक खेळणे समजतात. परंतु हे खेळणे खऱ्या विमानाहून वयाने वडील आहे. राइट बंधूंनी मनुष्यासह उड्डाण केले ते डिसेंबर 1903 मध्ये. त्यापूर्वी सुमारे अडीच वर्षे, जून 1901 मध्ये, अमेरिकेतील सॅम्युअल लँगली यांच्या नियोजित विमानाची चौथाई आकाराची प्रतिकृती पेट्रोल-एंजिनाच्या बळावर हवेत उडाली होती. पुढे 1930 नंतरच्या दशकात बिल ब्राउन या तरुणाने तयार केलेली तळहातावर मावणारी एंजिने विक्रीस आली आणि हा छंद सामान्य घरांतही शिरला. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुदल शाखेतील विद्यार्थी विमानांच्या प्रतिकृती बनविण्याचे शिक्षण घेतात, हे सर्वश्रुत आहे.

ज्यांस विमानाचा छंद नाही, त्यांनाही या एंजिनाची ओळख आहे. पावसाळा सरता सरता चिपळूणच्या परिसरातील आंबा-काजूच्या बागांतून गवत कापण्याची पेट्रोलची यंत्रे खांद्यास अडकवून चालविली जातात. त्यांतील एंजिन आणि मोठ्या विमानप्रतिकृतीतील एंजिन ही सख्खी भावंडे होत. म्हणून पुढील विवेचन बागाइतदारासही तितकेच लागू आहे.

एंजिन पेट्रोलवर चालते हे म्हणणे अर्धेच खरे. ते पेट्रोल आणि हवा यांच्या मिश्रणावर चालते, आणि या मिश्रणात हवेचाच वाटा मोठा असतो. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे पावणेपंधरा ग्रॅम, म्हणजे बारा-साडेबारा लिटर हवा लागते. जास्तीत जास्त शक्ती हवी असेल, तर पेट्रोल किंचित अधिक, म्हणजे बारा-तेरा भाग हवेस एक भाग, असे ठेवावे लागते. हे प्रमाण राखण्याचे काम कार्ब्युरेटर करतो.

त्याची युक्ती साधी आहे. हवेच्या वाटेवर मध्येच एक अरुंद गळा असतो. नदी अरुंद खिंडीत शिरली की तिचा वेग वाढतो, तद्वत या गळ्यात हवेचा वेग वाढतो. आणि वेग वाढला की तेथील दाब उतरतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी यांनी 1797 साली या प्रकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. दाब उतरलेल्या ठिकाणी एक बारीक छिद्र असते. त्यातून पेट्रोल ओढले जाऊन त्याचे तुषार हवेत मिसळतात. छिद्रात किती पेट्रोल यावे हे निमुळत्या टोकाची एक सुई ठरविते. सुईचा स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरविला की वाट आवळते व पेट्रोल कमी होते. उलट फिरविला की वाढते.

जुन्या छोट्या एंजिनांस अशी एकच सुई असे. हल्लीच्या पेट्रोल-एंजिनांस बहुधा दोन असतात: एक मंद गतीची, दुसरी पूर्ण गतीची. प्रारंभी दोन्ही सुया निर्मात्याने पुस्तिकेत सांगितलेल्या ठिकाणी ठेवाव्यात. पुष्कळ एंजिनांत हे ठिकाण सुई हलकेच पूर्ण मिटवून मग सुमारे दीड फेरा उघडल्यावर येते. मिटविताना जोर लावू नये. सुईचे टोक दबले, तर ती पुन्हा अचूक काम देत नाही.

एंजिन दोन-तीन मिनिटे चालून तापल्यावाचून सुईस हात लावू नये. नंतर पूर्ण गती देऊन दुसरी सुई थोडी थोडी आवळीत जावे. एंजिनाचा जाड, घोगरा आवाज हळूहळू स्वच्छ होतो आणि फेरे वाढतात. एक जागा अशी येते की तेथून पुढे आवळले असता फेरे वाढण्याऐवजी उतरू लागतात. ती शिगेची जागा ओळखावी, परंतु तेथे थांबू नये. तेथून अष्टमांश फेरा परत उघडावा. त्यानंतर एंजिन मंद गतीवर आणून पहिली सुई लावावी. मंद चालत असता एकाएकी गती दिली आणि एंजिन अडखळून चटकन बंद पडले, तर पेट्रोल कमी आहे असे समजावे; धूर सोडीत, गुरगुरत, उशिरा वेग घेतला, तर ते अधिक आहे. पहिल्या सुईचा परिणाम थोडाबहुत पूर्ण गतीवरही होतो, यास्तव शेवटी दुसरी सुई पुन्हा तपासावी. मग विमानाचे नाक आकाशाकडे धरून पूर्ण गती द्यावी. आवाज तीक्ष्ण होऊन फेरे उतरले, तर सुई आणखी किंचित उघडणे अवश्य आहे. कारण वर चढताना नेमका हाच प्रसंग येणार असतो.

शिगेपासून थोडे अलीकडे थांबण्याचे कारण महत्त्वाचे आहे. या एंजिनास वंगणाची वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्येच लिटरमागे 25 ते 40 मिलिलिटर तेल मिसळलेले असते. सुई फाजील आवळली की पेट्रोलबरोबर तेलही घटते. दट्ट्या अधिक तापतो आणि त्याच वेळी त्याचे वंगण कमी पडते. अशा स्थितीत तो नळकांड्यात घट्ट बसला, म्हणजे एंजिन कायमचे गेले. उलट पेट्रोल थोडे अधिक झाले, तर शक्ती जराशी कमी होते, धूर येतो, ठिणगीच्या प्लगवर काजळी धरते; ती पुसता येते.

येथेच कोकणच्या हवेचा विचार करावा लागतो. जुलैमध्ये चिपळूणला 30 अंश सेल्सिअस उष्ण आणि ओलाव्याने पूर्ण भरलेल्या हवेत शेकडा चार भाग नुसती पाण्याची वाफ असू शकते. वाफेने जागा अडविली म्हणजे प्राणवायू तितका कमी. एंजिन गुरगुरते, आणि मनुष्य सुई आवळतो. त्या दिवसापुरते ते योग्यच असते. परंतु तेच एंजिन डिसेंबरातील थंड, कोरड्या पहाटे तसेच चालविले, तर त्यास शेकडा सहा-सात भाग अधिक प्राणवायू मिळतो. पेट्रोल मात्र त्या प्रमाणात वाढत नाही आणि मिश्रण धोक्याच्या बाजूस झुकते.

घाटाचेही तसेच आहे. चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीवर. कुंभार्ली घाट ओलांडून गाठावयाचे कराड साडेपाचशे मीटरांहून अधिक उंच. तेथे हवा शेकडा पाच-सहा विरळ होते. पण कार्ब्युरेटरच्या गळ्यातील ओढ ज्या नियमाने चालते, त्यानुसार पेट्रोल शेकडा अडीच-तीनच घटते. अर्थात वर गेल्यावर पेट्रोलचे प्रमाण अधिक होते आणि सुई आवळणे प्राप्त होते. वर आवळलेली सुई खाली उतरल्यावर न विसरता उघडली पाहिजे. वर जाताना होणारी चूक धुराने कळते. खाली येताना होणारी चूक प्रथम वाढलेल्या वेगाच्या रूपाने येते, आणि म्हणूनच ती फसवी आहे.

पेट्रोलाविषयीही एक गोष्ट ध्यानी असावी. हल्ली भारतात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये शेकडा 20 पर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि त्यास जळण्यास हवा पेट्रोलहून कमी लागते. म्हणून अशा इंधनावर सुई थोडी अधिक उघडी लागते. पावसाळाभर अर्धवट भरलेल्या डब्यात पडून राहिलेले पेट्रोल छोट्या एंजिनात घालू नये. हंगाम संपताच टाकी रिकामी करून एंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये शिळे इंधन राहत नाही.

शेवटची सूचना बोटांविषयी आहे. वेगाने फिरणारा पंखा डोळ्यांस दिसत नाही, परंतु तो बोट तोडू शकतो. विमान दुसऱ्या मनुष्याने मागून घट्ट धरावे, सुया नेहमी पंख्याच्या पाठीमागून फिरवाव्यात, सैल बाही वा उपरणे अंगावर नसावे आणि मुलांनी पंख्याच्या समोर किंवा त्याच्या रेषेत बाजूस उभे राहू नये. याशिवाय एका लहान वहीत तारीख, हवामान, ठिकाण आणि सुई किती फेरे उघडी होती हे टिपून ठेवावे. दोन पावसाळे आणि दोन हिवाळे उलटले की ती वही, निर्मात्याच्या पुस्तिकेत नसलेले असे आपल्या गावच्या हवेचे ज्ञान देऊ लागते.