चित्र की आज्ञा?

संगणकाकडून काम करून घेण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पडद्यावरील चित्रे, खिडक्या व याद्या पाहून माऊसने निवड करणे हा एक. कळफलकावर नेमकी आज्ञा टंकणे हा दुसरा. पहिला मार्ग आधुनिक व दुसरा कालबाह्य, असा सर्वसाधारण समज आहे. बँकेच्या काउंटरमागे मात्र निराळे चित्र दिसते.

बंगळूरच्या इन्फोसिस कंपनीने विकसित केलेली ‘फिनॅकल’ ही प्रणाली देशातील अनेक बँकांत वापरली जाते. तिच्या जुन्या आवृत्त्यांत केवळ अक्षरांचा पडदा असे. माऊसला तेथे स्थान नव्हते. नंतरच्या आवृत्त्यांत ब्राउझरमधील चित्रमय पडदा आला. तरीही सराईत कर्मचारी यादीत शोधत बसत नाही. ‘एचएसीएलआय’ हा संकेत टंकताच खात्याचा उतारा समोर येतो; ‘एचटीएम’ टंकताच व्यवहार नोंदविण्याचा पडदा उघडतो. खिडकी नवी झाली, पण तिच्या आत आज्ञा टिकून राहिली.

याचे कारण सोपे आहे. चित्र ओळखता येते. आज्ञा आठवावी लागते. म्हणून नवख्याला चित्र आधार देते. परंतु एकच काम दिवसातून शंभर वेळा करणाऱ्याच्या बोटांत संकेत बसलेला असतो. त्याने वाचविलेले क्षण रांगेतील ग्राहकाच्या पदरात पडतात.

हजारो खात्यांवरील व्याजाची आकारणी तर एकेक टिचकी मारून होणे शक्यच नाही. तेथे क्रमाने लिहून ठेवलेल्या आज्ञाच उपयोगी पडतात. मात्र आज्ञा चुकली, तर चूकही हजारो खात्यांपर्यंत पोहोचते. म्हणूनच पूर्वचाचणी आणि दुसऱ्या अधिकाऱ्याची मान्यता अत्यावश्यक ठरते.

हीच विभागणी ग्राहकाच्या हातातही आहे. २०१६ मध्ये आलेले ‘भीम’ ॲप चित्रमय आहे. २०१४ मध्ये देशभर सुरू झालेली *९९# ही सेवा केवळ अक्षरांची व आकड्यांची. तिला इंटरनेट लागत नाही, साधा मोबाइलही पुरतो.

तात्पर्य, चित्र मार्ग दाखविते, आज्ञा तो जलद पार करविते. रक्कम व खातेक्रमांक पुन्हा एकदा वाचून पाहण्याची दक्षता मात्र दोन्ही मार्गांवर सारखीच हवी.