तार बदलली, आउटर तसाच

सायकलच्या ब्रेकची तार तुटली की माणूस घाबरतो आणि लगेच दुकान गाठतो. ती तार ज्या काळ्या नळीतून जाते तो आउटर मात्र वर्षभर गुपचूप कुजतो, आणि त्याच्यासाठी कुणी दुकानाची पायरी चढत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या रस्त्यांवरून गेल्या चार-पाच दशकांत सायकलींच्या ज्या पिढ्या गेल्या त्यांचा मागोवा घेताना हे दुर्लक्षच सगळ्यांत जास्त नजरेत भरतं.

पहिल्या पिढीला हा प्रश्नच नव्हता. काळी, उंच, दांड्यांच्या ब्रेकची सायकल. सोनीपतची ॲटलस १९५१ची, लुधियानाची हीरो १९५६ची. किरायाने तासावर मिळायची तीही हीच सायकल. दांड्यांच्या ब्रेकमध्ये झिजायचं ते रबर. सांधे ढिले होऊन खडखडायचे, मिस्त्री पान्ह्याने आवळून द्यायचा. पावसात लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागे, मग पाय टेकवायची सवय उपयोगी पडे. त्या ब्रेकचं उगाच कौतुक करू नये. उतारावर तो भरवशाचा कधीच नव्हता.

नव्वदच्या दशकात रेंजर आणि लेडीबर्डसारख्या सायकली आल्या आणि तारेचा ब्रेक गावोगाव पोचला. तंत्र तेव्हाही जुनंच होतं, कारण बाउडन नावाच्या संशोधकाने अशा तारेचं पेटंट घेतलं ते १८९६ साली. त्याच्या युक्तीतला अर्धा भाग आपल्याकडे कुणी नीट समजून घेतला नाही. ब्रेकची मूठ दाबल्यावर तार जेवढ्या जोराने ओढली जाते तेवढ्याच जोराने आउटर उलट दिशेने दाबला जातो. म्हणजे आउटर हे काही तारेचं आवरण नव्हे, तो तिचा टेकू आहे. त्याच्या पोटात चपट्या पोलादी तारेचं घट्ट वेटोळं असतं. ते टोकाशी फाकलं किंवा गंजून सैल पडलं की हाताचा जोर रबरापर्यंत पोचतच नाही, आउटर दाबण्यातच खर्च होतो. मूठ मऊ लागते, मिस्त्री तार आवळतो, आठवड्याने ती पुन्हा मऊ.

त्यातून किनवट-माहूर हा मराठवाड्यातला सर्वाधिक पावसाचा पट्टा. प्लास्टिकला हँडलच्या वळणाशी चीर पडते, पाणी आत उतरतं आणि खालच्या टोकाशी साचतं. यावरचा जुना उपाय म्हणजे कागदाची पुंगळी करून आउटरमध्ये तेल सोडणं. शिलाई मशीनचं तेल मिळालं तर उत्तम, नाहीतर जळकं ऑइल. चार दिवस ब्रेक लोण्यासारखा चालायचा, मग त्याच तेलावर रस्त्याची धूळ बसून आत लगदा व्हायचा. पुढे मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या. सायकल सरकारी, पण ती चालू ठेवायचा खर्च घरचा. घरात काटकसर करताना आउटरचा नंबर नेहमी शेवटचा, आणि मूठ पुरी दाबायला लहान हात पुरायचे नाहीत.

मग रोड बाइक आली. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. तेव्हापासून तालुक्याच्या गावातही पातळ टायरची सायकल पाहून कुणी थांबेनासं झालं. माझीही त्याच सुमाराची. किनवटहून माहूर पन्नासेक किलोमीटर, शेवटी रेणुकामातेच्या गडाचा चढ. चढताना ब्रेकची आठवण येत नाही. उतरताना दोन्ही हात मुठींवर आवळून धरलेले असतात, तेव्हा आउटरची खरी परीक्षा होते.

या सायकलीत दुखणं जास्त लपतं. आउटर हँडलच्या पट्टीखालून जातो. तळहाताचा खारट घाम पट्टीतून झिरपतो, गंज आत चढतो आणि बाहेरून सगळं झकपक दिसतं. म्हणून ब्रेकपाशी तार सोडवून ती हाताने मागेपुढे सरकवून पाहावी. खरखर लागली किंवा ती अडकत सरकली तर नुसती तार बदलून भागत नाही. फ्रेमला घासून आउटरची काळी साल निघाली असेल किंवा टोकाच्या टोपीतून वेटोळं बाहेर डोकावत असेल तर तपासायचीही गरज नाही, आउटर सरळ बदलावा.

खरी पंचाईत सामानाची. साध्या सायकलच्या ब्रेकतारेचं डोकं छोट्या पिंपासारखं असतं, रोड बाइकच्या मुठीत नासपतीच्या आकाराचं लागतं. ते तालुक्याच्या दुकानात सहसा नसतं. त्याहून वाईट म्हणजे गिअरचा आउटर ब्रेकला बसवणं. शिमानोने १९८०च्या दशकात खटक्यांचे गिअर आणले, त्यांच्यासाठी उभ्या तारांचा आउटर निघाला. तो लांबीत आकसत नाही म्हणून गिअर नेमका पडतो, पण जोराच्या ब्रेकखाली फाटून तारा बाहेर येऊ शकतात. ब्रेकचा साधारण पाच मिलिमीटर जाड, गिअरचा चार. दुकानदार ‘एकच आहे’ म्हणाला तरी मोजून घ्यावा.

बसवायला फार विद्या लागत नाही. जुन्याच्या मापाने कापायचा, पण हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ताण येत नाही ना हे आधी बघायचं. पकडीने कापला की टोक चेपतं. ते कानशीने सपाट करायचं, आतलं अस्तर दाभणाने मोकळं करायचं, मग टोपी. अस्तराचा आउटर असेल तर तेल ओतायचं नाही. आमच्याकडे कानशीच्या पायरीला हमखास फाटा मिळतो आणि नवा आउटर पहिल्या दिवसापासून मऊ लागतो.

वेळ म्हणाल तर पावसाळा संपल्यावरची. दसऱ्याला सायकल धुतली जाते, झेंडूची माळ पडते, पण वॉशिंगवाल्याचा फवारा थेट आउटरच्या तोंडात जातो हे कुणी बघत नाही. आता हायड्रॉलिक डिस्कच्या सायकलीही दिसतात. त्यांच्यात तारही नाही आणि आउटरही नाही. नळीतल्या तेलात हवा शिरली की ती काढायला निराळं सामान लागतं, आणि ते घ्यायला अजून नांदेड किंवा नागपूरच गाठावं लागतं.